कोयत्यावरचे तांबे

धामणकोंड, तालुका संगमेश्वर
१२ एप्रिल १९२८

चिरंजीव केरूस भागोजीचा आशीर्वाद.

आम्ही दोघे चाललो आहोत तसे चाललो आहोत. माझा गुडघा आता उतारालाही दुखतो. तुझी वहिनी सगुणा दर सोमवारी त्यावर वाघजाईचा अंगारा लावते आणि मंगळवारी एरंडाचे पान बांधते. दोन्हीपैकी कशाने बरे वाटते ते सांगता येत नाही, म्हणून दोन्ही चालू ठेवले आहे.

पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. दोन पावसाळे झाले, आपल्या आगरातली सुपारी टिकत नाही. आषाढात हिरव्या फळाच्या देठाशी पांढरी बुरशी धरते आणि फळ गळते. गेल्या वर्षी सगुणा रोज सकाळी टोपली घेऊन जाई, गळलेली फळे भरी आणि वहाळाच्या पाण्यात सोडी. एक दिवस ती टोपली टाकून पायरीवर बसली आणि म्हणाली, "ह्या आता माज्यान् होत नाय."

दीडशे पोफळी आहेत. त्यांना रोज पाणी दाखवायचे, झावळ्या ओढायच्या, फळे उतरवणाऱ्या पाडेल्याच्या मागे फिरायचे, आणि शेवटी फळ वहाळात. मी थकलो, केरू. यंदाही गळ झाली तर पोफळी तोडून जमीन सपाट करावी आणि भात लावावे असे मनात आहे. भाताचे कष्ट चार महिन्यांचे असतात. मग माणूस बसू तरी शकतो.

पण निम्मे आगर तुझे आहे. वडिलांनी लावलेल्या झाडांना कोयता लावायचा तर तुझा होकार हवा. आणि दुसरेही आहे. वडील म्हणत, आपली सुपारी बुडाशी चपटी, तिचा गणपती मांडला की पूजा संपेपर्यंत हलत नाही. भटजी अजून आपल्याच घरची मागून नेतात. देवाचे आसन तोडतो आहे असे वाटते, म्हणून हात पुढे होत नाही. तू काय ते लिही.

भागोजी


मुंबई
२४ एप्रिल १९२८

तीर्थरूप दादांच्या पायी केरूचा नमस्कार.

तुमचे पत्र आले. दादा, पोफळी तोडू नका. निदान हे एक वर्ष थांबा. माझी पंधरा वर्षे या मुलाम्याच्या कारखान्यात गेली. माझी बायको तुळसा गेल्यापासून खोलीवर परत येण्याला काही अर्थ उरलेला नाही. हौदावर उभा असतो तेव्हा मी मनातल्या मनात वहाळापासून घरापर्यंत झाडे मोजतो. ती झाडे नसतील तर मी कुठे येणार? भाताच्या खाचरात म्हाताऱ्याने बसायला सावली नसते.

तुम्ही लिहिलेल्या रोगावर औषध आहे आणि ते मी रोज हाताळतो. आमच्याकडे कानडा मुलखातला एक कामगार आहे. त्याच्या गावी पोफळीवर पावसाआधी मोरचूद आणि चुन्याचे पाणी मारतात आणि फळ राहते. तोच मोरचूद, जो तुम्ही बैलाच्या खुरात किडे पडले की लावता.

हा क्षार मी जेवढा पाहिला तेवढा कुणी पाहिला नसेल. तांबे गंधकाच्या तेजाबात विरले की तो तयार होतो. खडे असे निळे, की नवा आलेला माणूस एक तरी खिशात घालतो. आमच्या हौदात तो पाण्यात विरवलेला असतो. त्यात विजेची तार सोडून वस्तू टांगली की तिच्यावर तांब्याचा मुलामा चढतो. गिरणीत रंगखात्यात तो काळा रंग पक्का करायला लागतो आणि सुताच्या खळीला बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर घालतात. तारऑफिसात जुन्या काचेच्या बरण्या असतात, त्यांतही निळे पाणी हेच. लाकडाच्या खांबांना पाजला तर भुंगा लागत नाही. बुरशीचा तो वैरी आहे, एवढे आपल्याला पुरे.

त्याची एक गंमत सांगतो. एकदा काही खडे बॉयलरच्या झाकणावर राहिले. दुपारी पाहतो तर निळेपणा गेला आणि खडूसारखा पांढरा भुगा झाला. मला वाटले, वाया गेले. वाकून पाहताना कपाळावरचा घाम त्यात पडला आणि पडला तिथे तो पुन्हा निळा झाला. वरिष्ठ म्हणाले, त्याच्या पोटातले पाणी उडाले होते, ते परत मिळाले.

गावचा बाळा येत्या आठवड्यात जयगडच्या बोटीने येतो आहे. त्याच्याबरोबर आठ शेर पाठवतो. कमी पडला तर संगमेश्वरात घ्या, पण बाजारात हिराकस नावाचा स्वस्त हिरवा क्षार मिसळून देतात. खात्री करायची रीत अशी: चिमूटभर मातीच्या भांड्यात विरवा आणि घासलेल्या कोयत्याचे पाते त्यात बुडवा. लोखंड थोडे विरते आणि त्याच्या जागी तांबे बसते. पाते लाल झाले की माल खरा. एवढे लक्षात ठेवा.

केरू


धामणकोंड
१० मे १९२८

चिरंजीव केरूस आशीर्वाद.

बाळाने गाठोडे पोचवले. वाटेत संगमेश्वरच्या धक्क्यावर कुणीतरी त्याला विचारले, खडीसाखर काय? त्याने "चाटून बगा" म्हटले, आणि तो गृहस्थ खरेच हात पुढे करू लागला, तेव्हा बाळाचीच घाबरगुंडी उडाली.

तू सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. मडक्यात चिमूटभर विरवून कोयत्याचे पाते बुडवले. दोन श्वास घेतले असतील नसतील, पाते तांबडे झाले. नवीन तांब्या असतो तसे. सगुणाने ते बोटाने पुसून पाहिले तर बोटाला तांब्याची पूड लागली. आपले वडिलांचे पाते. एवढ्या वर्षांत गंजाशिवाय दुसरा रंग मी त्यावर पाहिला नव्हता.

मग गुरवाकडे गेलो. झाडावर विष मारायचे आणि त्याच झाडाचा पहिला घोस देवीला वाहायचा, हे मनाला पटेना. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून कौल लावला. बराच वेळ पाकळी हललीच नाही. गुरव म्हणाला, "भागोजी, तुजा प्रश्नच लांबडा हाय, देवीक पण इचार करूक नको?" शेवटी उजवी पडली, म्हणजे होकार. चार महिन्यांच्या पावसाने सगळे धुऊन जाईल, असे मीही स्वतःला सांगितले.

पिचकारी देवरुखहून शेतकी खात्याच्या माणसाने आठ दिवसांच्या बोलीवर दिली आहे. सदू पाडेली वर चढायला तयार आहे. आता मिश्रण कसे करायचे ते लगेच कळव. बोटी बंद होण्याच्या आत उत्तर आले पाहिजे.

आणि तुझे ते घामाच्या थेंबाचे सगुणाला वाचून दाखवले. तिने तुझ्या खोलीची चटई भिंतीतल्या देवळीतून काढून उन्हात घातली.

भागोजी


मुंबई
१९ मे १९२८
(कार्ड)

ती. दादांस नमस्कार. कृती: पीप लाकडी घ्यावे, लोखंडी घेऊ नये, भोके पडतात. एका पिपाला मोरचूद दोन शेर, चुना दोन शेर, पाणी वीस घागरी. मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या तोंडाशी टांगावा; तळाशी टाकला तर विरत नाही, कारण विरलेले पाणी जड, ते खालीच बसते. चुना ताज्या कळीचा, म्हणजे न विझलेल्या खड्यांचा, वेगळ्या भांड्यात विझवून गाळावा. मग निळे पाणी चुन्यात सावकाश ओतावे, काठीने ढवळावे. त्याच दिवशी मारावे, शिळे करू नये. घोसावर सगळीकडून बसले पाहिजे. पाऊस लागण्याआधी एकदा, पुढे उघडीप पाहून एकदा. डोळ्यांत जाऊ देऊ नये. जागा संपली. केरू.


धामणकोंड
६ जून १९२८

चिरंजीव केरूस आशीर्वाद.

कार्ड वेळेवर मिळाले. अक्षर तुझे नव्हते. तुझे अक्षर तू शाळेत असताना मीच गिरवून घेतलेले आहे, ते मला कळते. बरा आहेस ना?

काम झाले. एक तारखेला आणि दोन तारखेला मिळून सगळे आगर पुरे केले. विझवलेला चुना घरात होता, गेल्या दिवाळीत भिंतींना काढला त्यातला उरलेला. शिंपल्यांचाच आहे. तू ताज्या कळीचा म्हणालास, पण त्यासाठी किनाऱ्याला जायला दोन दिवस गेले असते आणि आभाळ भरत होते. चुना तो चुना असे म्हणून तोच वापरला.

सदू वर आणि मी खाली पंपावर. पहिल्या झाडावरून उतरला तो डोक्यापासून टाचेपर्यंत निळा. म्हणाला, "भागोजीदादा, माजी लंगोटी पन बुचकळून घेव काय? सणाला नवी होयल." सगुणा हसली. किती महिन्यांनी हसली असेल.

आता मुख्य गोष्ट. पहिले पीप ढवळून झाल्यावर माझ्या मनात आले, हे चांगले जमले की नाही ते कसे कळावे? तुझे पत्र आठवले. कोयता घासला, वाघजाईचे नाव घेतले आणि मिश्रणात बुडवला. केरू, पाते लाल होऊन वर आले. कौल उजवा पडल्यासारखेच वाटले. दुसऱ्या पिपातही तसेच झाले. मग मी निर्धास्तपणे मारले.

शेवटच्या अर्ध्या पिपाला मात्र खोट आली. सगुणाने चुन्याचे मडके रिकामे करताना तळाचा सगळा गाळ खरवडून, धुऊन त्यात ओतला. मी ओरडलो तर म्हणाली, "चुन्याचा पाणी फुकट कशाला घालवायचा?" ते पाणी नुसते आभाळी रंगाचे, घट्ट झाले आणि कोयता बुडवला तर पांढराच्या पांढरा राहिला. दम गेला त्यातला. पण टाकून द्यायला जीव होईना, म्हणून वहाळाकडच्या शेवटच्या बावीस झाडांना तेच मारले. ती बावीस झाडे यंदा गेली असे समजून चालतो. बाकीची वाचली.

रोज सकाळी एक फेरी मारून येतो. अजून पाऊस लागलेला नाही.

भागोजी


मुंबई
२१ जून १९२८

तीर्थरूप दादांच्या पायी नमस्कार.

तुमचे पत्र आज दुपारी ऐकले. हाताला भाजले आहे, म्हणून खोलीतला धोंडू वाचतो आणि तोच लिहितो. काळजी करू नका.

दादा, मन घट्ट करून वाचा. चुना घालण्याआधी पाते लाल झाले तर माल खरा. पण चुना घातल्यावर पाते लाल झाले तर मिश्रण कच्चे. चुन्याने मोरचुदाला पुरते बांधलेले नाही, तो मोकळाच आहे, म्हणून तो लोखंडावर चढतो. आणि जो लोखंड खातो तो कोवळे फळ ठेवणार नाही, जाळील. जुना चुना हवेने मेलेला असतो. दुप्पट घातला असता तर कदाचित चालले असते. पाते पांढरे राहीपर्यंत चुना घालत जायचा, ही खरी रीत.

म्हणजे वहिनीने केले तेच शेवटचे पीप बरोबर होते.

हे तुम्हाला आधी कळायला हवे होते. मी कार्डावर ही ओळ सांगणार होतो. धोंडूने विचारले, जागा संपत आली, आणखी काय? मी म्हटले, राहू दे, डोळ्यांचे तेवढे लिही, बाकी दादांना कळेल. तुम्हाला काय म्हणून कळावे? मी आधीच्या पत्रात लाल म्हणजे खरा असे लिहून बसलो होतो. तुम्ही माझ्या शब्दावर चाललात. चूक माझी आहे.

आता मला फक्त एक कळवा. झावळ्यांची टोके करपली का? फळे काळी पडून गळताहेत का? जे असेल ते लिहा. आगर राहिले असेल तर दिवाळीनंतर मी कायमचा येतो, तसे ठरवले आहे. गेले असेल तर येणार नाही. इथे कुठेतरी चार दिवस काढीन. उघड्या जमिनीवर तुम्हा दोघांना आणखी एक तोंड कशाला?

केरू


धामणकोंड
३० ऑगस्ट १९२८

चिरंजीव केरूस आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. यंदा अधिक श्रावण आला, देवळात पारायण लावले होते, त्यात दिवस गेले.

तू उगाच जिवाला लावून घेतलेस. काही झाले नाही. मारल्यावर आठव्या दिवशी पाऊस लागला, त्याने जादा असेल ते धुऊन नेले. झाडे ठीक आहेत. घोस धरले आहेत. तू ठरवल्याप्रमाणे दिवाळीनंतर ये.

हाताचे काय झाले ते लिहिले नाहीस.

भागोजी


मुंबई
१७ सप्टेंबर १९२८

तीर्थरूप दादांच्या पायी नमस्कार.

तुमचे पत्र धोंडूकडून तीन वेळा वाचून घेतले. तिसऱ्या वेळी तो कंटाळून म्हणाला, आता मजकूर बदलणार आहे का? त्याला काय माहीत. मी तीन महिने झोपेत कोयता पाहत होतो.

हात बरा आहे. या महिन्यापासून मी कारखान्यात जात नाही. थकवा आला म्हणून सोडले. तेव्हा यायला आता काही अडचण नाही.

एक मागणे आहे. दसऱ्याला बाळा गावी येईल, त्याच्याबरोबर नव्या सुपाऱ्या थोड्या पाठवा. सोलून, अर्धवट वाळल्या तरी चालतील. खायला नकोत. हातात घेऊन बसेन.

केरू


धामणकोंड
२७ ऑक्टोबर १९२८

चिरंजीव केरूस आशीर्वाद.

बाळाबरोबर पंचवीस सुपाऱ्या पाठवतो आहे. हंगाम लागायचा आहे, पहिल्याच आहेत, म्हणून थोड्या. कोणत्या बोटीने येतोस ते कळव म्हणजे धक्क्यावर येईन. सगुणा खोली सारवते आहे.

भागोजी


मुंबई
५ नोव्हेंबर १९२८

तीर्थरूप दादांच्या पायी केरूचा नमस्कार.

सुपाऱ्या पोचल्या. बाळा पुरचुंडी देऊन लगेच जायला निघाला, बसला नाही. वहिनींची चौकशी केली तर म्हणाला, "बरी हाय सगळी," आणि जिना उतरला. बाळा असा कधी जात नाही.

मी पुरचुंडी सोडली. एक सुपारी घेऊन ट्रंकेच्या झाकणावर ठेवली. लहानपणी आपण पाटावर ठेवायचो तशी. ती घरंगळली आणि खाली पडली. दुसरी ठेवली, तीही पडली. पंचवीसच्या पंचवीस ठेवून पाहिल्या. एकही बसली नाही. सगळ्या बुडाशी गोल.

दादा, ही आपल्या आगरातली सुपारी नाही. तुम्ही बाजारातून आणलीत.

मला राग नाही. का आणलीत तेही मला कळते. जूनमध्ये मी लिहिले होते, आगर गेले असेल तर येणार नाही. म्हणून तुम्ही आगर राहिल्याचे लिहिलेत. तुम्ही आयुष्यात खोटे बोललेले मला आठवत नाही. देवळात पारायण चालू असताना ते पत्र लिहायला तुम्हाला किती जड गेले असेल, हे मी इथे बसून मोजतो आहे.

आता माझेही ऐका. डोळ्यांनी पाहिली असती तर त्या सुपाऱ्यांनी मी फसलो असतो, धोंडू रंग आणि आकार सांगतो त्यावरून त्या इतक्या आपल्यासारख्या वाटतात. मला बोटांनी कळले. माझा हात भाजलेला नव्हता. मे महिन्यात हौदातला हूक निसटला आणि तेजाबाचे निळे पाणी तोंडावर उडाले. डावा डोळा गेला. उजव्यावर पांढरा पडदा आला आहे. उजेड कुठून येतो ते कळते, माणूस उभा आहे ते कळते, कोण ते कळत नाही. रंग तर अजिबात कळत नाही. कारखान्याने चार महिने पुड्या बांधायला बसवले, मग तेही जमेना.

म्हणून कार्डावर डोळ्यांचे लिहायला जागा ठेवली आणि कोयत्याची ओळ गाळली. दोन्ही तुमच्यासाठीच होते, पण एकच मावणार होते. त्या वेळी मला दुसरे काही सुचत नव्हते.

आता येऊन मी काय करणार? आगर नाही आणि डोळे नाहीत. धोंडूच्या ओळखीने एका धर्मशाळेत सोय होण्यासारखी आहे. तुम्ही पोफळी तोडा, माझा होकार आहे. भात लावा आणि बसा. वहिनींना म्हणावे, चटई परत देवळीत ठेवा.

केरू

ता. क. मी धोंडू. केरूने सांगितले ते सगळे लिहिले. त्याला विचारल्याशिवाय एक ओळ माझी लिहितो. धर्मशाळा मी पाहिली आहे. त्याला तिथे जाऊ देऊ नका.


धामणकोंड
१४ नोव्हेंबर १९२८

चिरंजीव केरूस आशीर्वाद. आणि हे वाचून दाखवणाऱ्या धोंडूसही. धोंडू, सावकाश वाच, काही गाळू नकोस.

तुझे पत्र ऐन दिवाळीत आले. सगुणाला सगळे वाचून दाखवले. ती उठून आत गेली. मग दिवे लावायचे तसेच राहिले, ते मी लावले.

खोटे लिहिले हे कबूल. पारायणात बसून लिहिले नाही, घरी येऊन लिहिले, पण त्याने काय फरक पडतो. दुसऱ्या दिवशी देवळात गेलो तेव्हा गाभाऱ्यात गेलो नाही, बाहेरूनच हात जोडले. अजून बाहेरूनच जोडतो. आता हे पत्र टाकले की आत जाईन.

खरे ते लिहितो. जून महिन्यातच झावळ्यांवर करपट डाग पडले आणि कोवळी फळे काळी होऊन गळाली. बुरशी धरायलाही काही राहिले नाही. वर्षाचे पीक गेले, झाडे गेलेली नाहीत. नव्या झावळ्या हिरव्या येताहेत. तुझी चूक, माझी चूक, हे मी खूप दिवस उगाळले. तू एक ओळ गाळलीस. तू ताजा चुना सांगितला असून मी आणला नाही, आणि लोखंडावर तांबे चढले त्याला देवीचा कौल समजलो. देवीने पाकळी दिली होती, कोयता नव्हे. तिला जे विचारले नव्हते त्याचे उत्तर मी तिच्या नावावर घातले. त्या लाल पात्याचा आनंद एवढा झाला होता, की त्यात चूक असेल असे मनात आलेच नाही. थकलेल्या माणसाला कुणीतरी बरे झाले म्हणावे असे वाटत असते.

आता वहाळाकडच्या बावीस झाडांचे ऐक. आषाढात मी तिकडे फिरकतच नव्हतो. ती गेलीच असे धरून चाललो होतो. सगुणा सवयीने टोपली घेऊन तिकडे गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. मला वाटले, हिने आता वाकणेच सोडले. आठ दिवसांनी तिनेच हाताला धरून नेले. खाली एक फळ नाही, केरू. वर पाहिले तर घोसावर आभाळी रंगाची पूड तशीच बसलेली, एवढ्या पावसात. बावीसच्या बावीस झाडे भरलेली. गेल्या दोन वर्षांत असे घोस पाहिले नव्हते.

हे तुला कळवायला हवे होते. पण ऑगस्टात सगळेच ठीक म्हणून लिहून बसलो, मग त्यात बावीसच ठीक असे कसे घालावे ते सुचेना. खोट्याची हीच अडचण आहे, त्यात खरे घालायला जागा राहत नाही. तू सुपारी मागितलीस तेव्हा ती फळे पिकलेली नव्हती. तुला थांबायला सांगितले असते तर तुला संशय आला असता. म्हणून संगमेश्वरात जाऊन घेतल्या. निवडून निवडून आपल्यासारख्या घेतल्या. बुडाकडे पाहायचे राहिले.

मी पोफळी तोडणार नाही. तुझा होकार परत घे.

येत्या वैशाखात पुन्हा मोरचूद मारायचा आहे. चुना आणायला मी स्वतः किनाऱ्याला जाईन, गुडघ्याला काय वाटायचे ते वाटो. पण मिश्रण तू करायचे. पिपाशी तू बसायचेस. मी कोयता बुडवीन आणि कोणता रंग आला ते तुला सांगेन, त्याचा अर्थ काय ते तू मला सांगायचेस. मला रंग दिसतो आणि समजत नाही, ते यंदा सव्वाशे झाडांनी पाहिले. सगुणा म्हणते, रंग पाहायचीही गरज नाही, पाते बोटाने पुसले की तांब्याची पूड लागते, ते तिला मे महिन्यातच कळले होते. तिला कुणी विचारले नव्हते.

तुझे दोन खडे उरले होते. तू लिहिले होतेस ते आम्ही परवा करून पाहिले. खापरावर तापवले तर खडूसारखे झाले. सगुणाने तांब्यातले पाणी बोटाने त्यावर सोडले. मी तिला म्हटले, केरूला लिहितो. ती म्हणाली, "लिहा, पन त्येला आदी येवंदे."

कालच वहाळाकडचा पहिला घोस उतरवला. देवीचा म्हणून वेगळा ठेवला, आणि त्यातली एक सुपारी सोलून घरच्या देवांपुढे पाटावर मांडली. बसली आहे. सकाळी पाट उचलून पुसला, दुसरीकडे ठेवला, तरी हलली नाही. तू येऊन हात लाव.

धोंडूला सांग, तुला जयगडच्या बोटीवर बसवून दे आणि बोट कोणत्या दिवसाची ते मला कार्डाने कळव. बाळा त्याच बोटीने येईल, त्याला मी निरोप धाडला आहे. तो माझ्या सांगण्यावरून तुझ्यापुढे बसला नव्हता, त्याच्यावर रागावू नकोस. जयगडहून मचवा, म्हणजे लहान होडी, भरतीबरोबर खाडीतून वर येतो. संगमेश्वरच्या धक्क्याला फळी अरुंद आहे आणि ओली असते. उतरताना घाई करू नकोस. मी खाली उभा असेन. माझी हाक येईपर्यंत पाय उचलू नकोस.

भागोजी